कॉन्फिग फाइलीत ॲट्रिब्यूट शोधायला रेजेक्स 'बास' आहे म्हणे!

खारीबिस्किट:
काल 'घाईत_आहे' यांनी लिहिलं की वेब.कॉन्फिगमधली (वेबसाइटच्या सेटिंग्जच्या एक्सएमएल फाइलीतली) एखादी की, म्हणजे सेटिंगचं नाव, शोधायला पार्सर (फाइलीची रचना समजून वाचणारा प्रोग्राम), एक्सपाथ (त्या रचनेत शोधायची भाषा) असला थाटमाट कशाला, एका ओळीचा रेजेक्स (अक्षरांचा साचा जुळवून मजकूर शोधणं) बास. खाली सतरा अंगठे. सतरा! रात्री झोप लागेना, म्हणून हे लांबण.

त्या फाइलीच्या ॲपसेटिंग्ज भागात जवळपास सगळे एलेमेंट (टॅग) 'ॲड'च असतात. वेगळेपण काय ते 'की' या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आतल्या नाव-व्हॅल्यूच्या जोडीत). पण एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थ नाही. उद्या कुणी व्हॅल्यू आधी आणि की नंतर लिहिली तरी फाइल तीच. दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी चालतं, मधेच ओळ तोडलेली चालते. रेजेक्स यातलं किती सांभाळणार?

आणि कॉमेंट, म्हणजे प्रोग्रामने सोडून द्यायची, माणसांसाठीची टीप. आमच्याकडे प्रॉडक्शनची (खऱ्या वापराची) फाइल यूएटीला (चाचणीच्या सर्व्हरवर) आणून स्क्रिप्टने कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता) बदलायची पद्धत होती. कुणीतरी जुनी स्ट्रिंग कॉमेंट करून वरच ठेवलेली. रेजेक्सला पहिली तीच सापडली, तिच्यातलं सर्व्हरचं नाव बदललं, 'सक्सेस' छापलं. खरी ओळ तशीच. चार दिवस टेस्टिंगच्या 'एबीसी एक्सवायझेड' ऑर्डरी खऱ्या डेटाबेसात जात होत्या. साफसफाई कुणी केली असेल?

एक्सपाथ १९९९ पासून आहे. //ॲड[@की='मेलहोस्ट'] (देवनागरीत लिहितोय, समजून घ्या). कॉमेंटमधलं त्याला दिसतच नाही. याला थाटमाट म्हणतात?

घाईत_आहे:
माझ्या नावाने अख्खा धागा, धन्य झालो. आता तुमचा तो एक्सपाथ घ्या आणि स्प्रिंगच्या (जावाच्या एका फ्रेमवर्कच्या) फाइलीवर //बीन[@आयडी='डेटासोर्स'] चालवा. मिळेल शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. बीन समोर ढळढळीत दिसतोय आणि हा म्हणतो नाहीच. माझी एक दुपार यात गेलीय. ग्रेपने (साधा मजकूर शोधणाऱ्या कमांडने) दोन सेकंदांत सापडला.

खारीबिस्किट:
फाइलीच्या डोक्यावर डिफॉल्ट नेमस्पेस (टॅगच्या नावांचं जणू आडनाव) आहे, तो वाचला नाहीत. एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं. नेमस्पेस नोंदवा, बीनला प्रीफिक्स लावा. आयडीला मात्र लावू नका, डिफॉल्ट नेमस्पेस ॲट्रिब्यूटला लागू होत नाही. लावलात तर परत शून्य.

घाईत_आहे:
म्हणजे चौकोनी कंसाच्या बाहेर एक नियम, आत दुसरा. आणि अडाणी आम्ही. बरं.

शुद्धलेखक:
चर्चा छान. पण 'ॲट्रिब्यूट, ॲट्रिब्यूट' किती वेळा? 'गुणधर्म' हा सुंदर शब्द असताना?

पावशेर:
मग प्रॉपर्टीला काय म्हणणार? स्प्रिंगच्या फाइलीत दोन्ही एकाच ओळीत येतात हो. गुणधर्माचा गुणधर्म?

शुद्धलेखक:
मराठीची टिंगल करणं सोपं असतं.

चहा_कमी_साखर:
पार्सरवाल्यांची बाजू माझीच, पण त्यांचा तोरा नको. पायथनमध्ये एलिमेंटट्री या पार्सरने फाइंड केलं, एलेमेंट सापडला, पुढे साधं 'इफ' लिहिलं, तर उत्तर खोटं! कारण त्या 'ॲड'च्या पोटात दुसरा एलेमेंट नव्हता. पोटी मूल नाही म्हणून अस्तित्वच नाकारायचं? पार्सर आहे की माझी चुलत सासू? 'नन' (म्हणजे काहीच सापडलं नाही) नाही ना, असंच विचारावं लागतं. पायथन ३.१२ पासून निदान ताकीद तरी देतात.

जुनं_खोड:
शोधण्यावरच भांडताय. बदलून सेव्ह करून बघा एकदा.

आमच्या क्लायंटची फाइल पंधरा वर्षं जुनी. आत कॉमेंट्स: 'ही टाइमआउट कमी करू नका, रात्रीची बॅच अडकते', 'हा पोर्ट फायरवॉलवाल्यांना विचारल्याशिवाय बदलू नये'. लिहिणारे कधीच सोडून गेलेले. एका हुशार मुलाने एलिमेंटट्रीने एक व्हॅल्यू बदलली, फाइल परत लिहिली. सगळ्या कॉमेंट्स गायब. वर ३.८ च्या आधीचं पायथन, त्यामुळे ॲट्रिब्यूट अकारविल्हे लागलेले. गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) एका शब्दाच्या बदलाला अख्खी फाइल लाल-हिरवी. रिव्ह्यू करणाऱ्याने न वाचता मंजूर केलं. मीच तो.

खारीबिस्किट:
एलएक्सएमएल (पायथनचाच दुसरा पार्सर) वापरा, कॉमेंट्स राहतात.

जुनं_खोड:
राहतात. पण ॲट्रिब्यूट एकाखाली एक मांडलेले असतील तर सगळे एका ओळीत येतात. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) परत लाल.

पावशेर:
मुळात इतकं महत्त्वाचं ज्ञान कॉमेंटमध्ये ठेवलं हाच गुन्हा. डॉक्युमेंट लिहायला काय झालं होतं?

जुनं_खोड:
लिहिलं होतं. एका शेअर्ड ड्राइव्हवर. तो सर्व्हर भंगारात गेला, फाइल अजून चालतेय.

पावशेर:
हे तुमच्या कंपनीचं दुखणं, पद्धतीचं नव्हे.

चहा_कमी_साखर:
पावशेर, रात्री अडीचला फोन आला की मी विकी उघडत नाही, फाइल उघडते. त्या ओळीच्या डोक्यावर जे लिहिलंय तेच डॉक्युमेंट. ऑन-कॉल कधी केलंयत का?

पावशेर:
वैयक्तिक होऊ नका.

चहा_कमी_साखर:
म्हणजे नाही.

शुद्धलेखक:
'ताकीद' हा शब्द वापरल्याबद्दल या ताईंचं अभिनंदन.

खारीबिस्किट:
जुनं_खोड, मग मार्ग काय? परत रेजेक्सच?

जुनं_खोड:
शोधायचं पार्सरने. नेमका एकच सापडला पाहिजे. शून्य किंवा दोन आले तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. एलएक्सएमएल ओळीचा नंबर देतो, त्या जागी फक्त मजकूर बदलायचा. मग परत पार्स करून तपासायचं. ओंगळ आहे, पण डिफ एका ओळीचा येतो.

घाईत_आहे:
म्हणजे बदल शेवटी मजकूर म्हणूनच! मी हेच म्हणत होतो.

खारीबिस्किट:
तुम्ही शोधण्याबद्दल म्हणत होतात. पोस्ट अजून तिथेच आहे.

घाईत_आहे:
ठीक. शोधायला पार्सर, घ्या. दुपारी माझी स्क्रिप्ट तपासली. तीन फाइलींपैकी एकीत गेले कित्येक महिने कॉमेंटच उचलत होती. व्हॅल्यू योगायोगाने दोन्हीकडे सारखी होती म्हणून निभावलं. अंगठे मात्र परत देणार नाही.