राजारामपुरीत क्लास काढायचाय: आधी मुलं की आधी कागदं?

फळा-खडू
मे महिना लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीच्या गल्ल्यांत नव्या क्लासचे बोर्ड चढायला लागतात. नवीन माणसाला सगळे एकच सांगतात, ‘आधी मुलं जमव, कागदं मागनं बघू.’ हा सल्ला मला घातक वाटतो. उदाहरण धरू: आठवी ते दहावी, गणित-विज्ञान, भाड्याचा गाळा, तीन बॅच मिळून ७५ मुलं, दोन शिक्षक, एक मदतनीस. शॉप ॲक्ट, व्यवसाय कर, जीएसटी, आगीची व्यवस्था आणि विमा या पाचही गोष्टी पहिली बॅच बसायच्या आधी झाल्या पाहिजेत.

शॉप ॲक्टचं ओझं लोक उगाच वाहतात. २०१७च्या कायद्यात एवढे थोडे कामगार असतील तर नोंदणी लागतच नाही, नमुना ‘एफ’मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची, काम सुरू केल्यापासून ६० दिवसांत. अडतं ते पाटीपाशी. इंग्रजी नाव हातभर आणि मराठी खाली बारीक, असा फ्लेक्स आधीच छापून झालेला असतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर मराठी देवनागरी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, कामगार एकही नसला तरी. म्हणजे फ्लेक्सचा खर्च दुसऱ्यांदा.

व्यवसाय करात दोन नंबर आहेत. स्वतःचा पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये, ३० दिवसांत नाव नोंदवायचं. पगारी माणसांसाठी पीटीआरसी: पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की १७५, १०,००० च्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००. बाईंना २५,००० पर्यंत माफ. हे पैसे शिक्षकाच्या पगारातून कापून भरायचे असतात. कापले नाहीत तर नंतर व्याजासकट स्वतःच्या खिशातून जातात.

आणि जीएसटी नंबर पहिल्या दिवशीच घ्या. वर्षाच्या मध्यात १८ टक्के वाढवून द्यायला कुठलाच पालक तयार होत नाही.

खतावणी
सर, शॉप ॲक्ट आणि व्यवसाय कराबद्दल तुमचं एक अक्षरही खोडत नाही. जीएसटीचा सल्ला मात्र नव्या माणसाला बुडवणारा आहे.

सेवेसाठी आपल्याकडे मर्यादा वर्षाला २० लाख. मुलामागे वर्षाची फी १८,००० धरली तर ७५ मुलांचे १३,५०,०००. नंबर लागत नाही. हौसेनं घेतला तर पहिल्या रुपयापासून १८ टक्के. शाळेची फी करमुक्त म्हणून क्लासचीही असेल हा समज चुकीचा, ती सूट शाळांना आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आहे. दहावीच्या पालकाला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्याच्या दृष्टीनं १८,००० चे २१,२४० झाले. शेजारच्या जिन्यावरचा क्लास १८,००० च घेणार. मग तुम्ही कर फीतच धरणार: १८,००० पैकी १५,२५४ तुमचे, २,७४६ सरकारचे. ७५ मुलांचे झाले २,०५,९५०. हा जवळपास एका शिक्षकाचा वर्षाचा पगार.

क्रेडिट कशाचं मिळणार? बेंच, प्रोजेक्टर, इनव्हर्टर, एवढंच, तेही एकदाच. भाड्याचं म्हणाल तर आणखी एक गोम आहे. गाळामालकाकडे नंबर नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचे १८ टक्के रिव्हर्स चार्जनं तुम्हीच आधी भरायचे आणि मग क्रेडिट घ्यायचं. नंबर नसता तर हा प्रश्नच आला नसता.

फळा-खडू
मान्य, पण तुम्ही पहिल्या वर्षाचाच हिशोब मांडला. दुसऱ्या वर्षी ९५ मुलं झाली की १७,१०,०००. आणि त्याच पॅनवर मालकीच्या एखाद्या दुकानाचं महिना २५,००० भाडं येत असेल तर त्याचे ३,००,०००. बेरीज २०,१०,०००. मर्यादा मोजताना क्लास बघत नाहीत, पॅन बघतात. हे प्राप्तिकराचं रिटर्न भरताना कळतं, तोवर नंबर काढायचे ३० दिवस कधीच उलटून गेलेले असतात.

खतावणी
त्याला उपाय पहिल्या दिवशी नंबर घेणं हा नाही. दर महिन्याच्या एक तारखेला वहीत त्या पॅनची एकूण जमा लिहा. १७ लाखांची रेघ ओलांडली की सल्लागाराकडे जा. आणि प्रवेश अर्जावर पहिल्याच वर्षी एक ओळ छापून घ्या: ‘शासकीय कर लागू झाल्यास तो फीव्यतिरिक्त आकारला जाईल.’ ही ओळ नसेल तर दुसऱ्या हप्त्याच्या वेळी पालकाचंच बरोबर ठरतं, कारण ठरलेली रक्कम १८,००० एवढीच होती.

मर्यादा ओलांडल्यावरही थेट १८ टक्क्यांत जायची गरज नाही. ५० लाखांपर्यंत सेवेसाठी कंपोझिशन ही सोपी योजना आहे, उलाढालीच्या सरसकट ६ टक्के. १८,००० वर १,०८०. हे पालकाकडून वेगळे मागता येत नाहीत आणि पावतीवर करदात्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही असं लिहावं लागतं, पण २,७४६ पेक्षा १,०८० कधीही परवडले. भाड्याचा रिव्हर्स चार्जही कंपोझिशनवाल्याला आता नाही. विवरणपत्रं दोनच: दर तिमाहीला सीएमपी-०८, वर्षाला जीएसटीआर-४.

एक सांभाळा. निपाणी, बेळगावची मुलं कोल्हापुरात येऊन वर्गात बसली तर अडचण नाही. तीच मुलं घरी बसून ऑनलाइन शिकायला लागली की पुरवठा राज्याबाहेरचा ठरण्याचा वाद उभा राहतो, आणि राज्याबाहेर पुरवठा करणाऱ्याला कंपोझिशन नाही. सीमेवरच्या गावात एका ऑनलाइन बॅचसाठी योजना घालवू नका.

उचगावकर
दोघंबी गाळ्याचंच बोलताय. निम्म्या शिकवण्या घरात, माडीवर चालतात. त्यांचं पयलं भांडण मीटरवरनं होतं. घरगुती मीटरवर क्लास चालवला की महावितरणचं भरारी पथक वीज कायद्याचं कलम १२६ लावतं, दुप्पट दरानं, कधीपासनं चालू हाय ते कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांचं. म्हणून घरातल्या शिकवणीलासुद्धा व्यापारी मीटर घ्यावंच, असं माझं मत हाय.

खतावणी
‘घ्यावंच’ हे पटत नाही. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल, वापर महिना ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकाप्रमाणे घरगुती दरच लागतो. दोन ट्यूबलाइट, चार पंखे, संध्याकाळचे तीन तास, यात ३०० ओलांडत नाही. माडीवर एसी बसवला की एप्रिल-मेमध्ये ओलांडतो. तेव्हा आधी वर्षभराची बिलं काढून बेरीज करा. आणि लक्षात घ्या, ‘राहत्या घराच्या एका भागात’ हे महत्त्वाचं. खाली कुणी राहत नाही, अख्खं घरच क्लासला दिलंय, तिथे ही सवलत नाही, उचगावकर म्हणतात तसं व्यापारी मीटरच पाहिजे.

उचगावकर
अख्ख्या घरात क्लास, तेच मनात हुतं. आणि घरफाळा? वापर बदलला की आकारणी बदलते, मालक म्हणतो भाडेकरूनं भरावा, भाडेकरू म्हणतो मालकानं. लिव्ह-लायसन्स करारात एक कलम घालून तो नोंदवून घ्या. तोंडी करारावर वर्षाच्या शेवटी फरकाचं बिल आलं की क्लासवाल्याचं डिपॉझिट अडकून बसतं.

वर्गशिक्षिका
मूळ उदाहरणाकडेच परत येते, कारण त्यात एक गोष्ट कुणी बघितली नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी म्हणजे कोचिंग केंद्र. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. फळा-खडू सरांची ७५ मुलं म्हणजे ते कोचिंग केंद्रच ठरतं, आणि आठवी ते दहावीची बहुतेक मुलं १६ वर्षांखालची. आणि जो शिक्षक शाळेत नोकरीला आहे त्यानं बायकोच्या नावावर शॉप ॲक्ट काढून स्वतः शिकवणं हे तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ विरुद्ध आहे. सगळी कागदं पूर्ण असली तरी मूळच बेकायदा.

फळा-खडू
कलम २८ बद्दल शंकाच नाही, अशांनी क्लास काढूच नये. पण मॅडम, मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. त्या अमलात आणण्याचं काम राज्यांवर सोपवलंय. तेवढ्यावरून आठवी-नववीच्या शिकवण्या बंद करा म्हणणं टोकाचं होईल.

वर्गशिक्षिका
बंद करा म्हणत नाही. पुढे राज्याचा कायदा याच धर्तीवर आला तर ज्यांनी आज तयारी केली ते टिकतील, म्हणून सांगते. त्यातल्या दोन गोष्टी आजच पाळण्यासारख्या आहेत. विद्यार्थ्यामागे किमान १ चौरस मीटर जागा: २५ जणांच्या बॅचला २५ चौरस मीटर, साधारण २७० चौरस फूट. राजारामपुरीतले पुष्कळ गाळे दोनशेच्या आत आहेत, तिथे २५ मुलं बसवली की मधली वाट उरत नाही, शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाहेर यायला पुढचे चौघे उठवावे लागतात. दुसरं, मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हा रबरी शिक्का पावतीवरून काढून टाका.

जाहिरातीतही जपा. ‘१०० टक्के निकालाची हमी’ आणि परवानगीशिवाय मुलांचे फोटो, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या नियमावलीत बसत नाही. तीही ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासला लागू आहे.

मंगळवारपेठी
विम्यावर माझा आक्षेप. एवढ्या छोट्या क्लासला कुठल्याच कायद्यानं विमा सक्तीचा नाही. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, दहा माणसं झाल्यावर. मुलं आणायला गाडी ठेवली तरच थर्ड पार्टी सक्तीचा. हप्त्यात घालवायचे पैसे अग्निशामक सिलिंडर आणि चांगल्या वायरिंगवर घाला. २०१९ ला सुरतेत आग लागली तेव्हा २२ विद्यार्थी गेले. तिथं विमा काय कामाचा होता? जिना मोकळा हवा होता. वायरिंग जाड तारेचं, एमसीबी, प्रत्येक खोलीत एबीसी पावडरचा सिलिंडर, त्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्याला बघणं, आणि जिन्यावर बुटांचे ढीग, जुने बाक, सायकली नकोत. अग्निसुरक्षा यंत्रणा असलेल्या इमारतीत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, नमुना ‘बी’, जानेवारी आणि जुलैत भरून घेतला जातो का, हे मालकाला विचारून मगच गाळा घ्या.

पंचगंगाकाठ
जिन्याबद्दल तुमचा प्रत्येक शब्द बरोबर, दादा. विम्याबद्दल मात्र कोल्हापुरात बसून असं म्हणू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागात तळमजल्यावर क्लास असेल तर बाकाचं प्लायवूड फुगतं, इनव्हर्टर आणि प्रोजेक्टर जातात, आणि ही वेळ जुलै-ऑगस्टची, म्हणजे फी खर्चून झालेली आणि दुसरा हप्ता लांब.

‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप तिच्यात येतात. चूक होते ती रकमेत. सामान ४ लाखांचं आणि हप्ता वाचवायला विमा २ लाखांचा काढला, तर १ लाखाच्या नुकसानीला ५०,००० च मिळतात. १५ टक्क्यांपर्यंतची तफावत ही पॉलिसी माफ करते, त्यापुढची नाही.

मंगळवारपेठी
ठीक, तळमजल्याला पटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासनं का काढावा? आणि मूल जिन्यावरून पडलं तर ही पॉलिसी दवाखान्याचं बिल देते का?

पंचगंगाकाठ
नाही देत, आणि याच गैरसमजापायी लोक भांडतात. ती फक्त सामानाची आहे. मुलांसाठी गट अपघात विमा वेगळा, नावांच्या यादीवर चालतो. जूनमध्ये यादी दिली आणि ऑगस्टमध्ये आलेली दहा मुलं कळवली नाहीत, तर त्या दहांना संरक्षण नाही. तुमच्या निष्काळजीपणाबद्दल पालकानं दावा केला तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी, तिसरी पॉलिसी. तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासनं पुराचं सोडून द्यावं, पण या दोन आधी घ्याव्यात. जिना त्याच्याकडेच जास्त आहे.

गाडीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनमधून पैसे घेऊन मुलं आणली, तर खासगी गाडीची पॉलिसी भाड्यानं वाहतुकीला चालत नाही. थर्ड पार्टी असूनही दाव्याच्या वेळी कंपनी हेच कलम दाखवते.

आणि सगळ्यांसाठी: क्लास पाचव्या गल्लीतून अकराव्या गल्लीत हलवला, शॉप ॲक्टवर पत्ता बदलला, पॉलिसीवर मात्र जुनाच राहिला, तर नव्या जागेतलं नुकसान पॉलिसीत नाही. सामान हलवण्याआधी एजंटकडून पत्त्याचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, लेखी घ्या. पाणी चढलंच तर आधी कंपनीला कळवा, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक वस्तूवरचा सिरीयल नंबर दिसेल असे फोटो काढा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका.