मदत हवी आहे: होम लोन बँकेत ट्रान्सफर करावं का?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात 2018 मध्ये फ्लॅट घेतला, लोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला, आमचा व्याजदर मात्र तसाच. 2019 पासून होम लोनचा बदलता व्याजदर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं फक्त बँकांना बंधनकारक आहे, अशा फायनान्स कंपन्यांना नाही, हे आत्ता कळलं. काल स्टेटमेंट उघडलं तर हप्ता तोच, पण मुदत 20 वर्षांची 26 झालेली! आई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसली होती. फार जीव तुटला.

नागपुरात कुणी सरकारी बँकेत लोन ट्रान्सफर केलंय का? वकिलाची फी, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) धरून खर्च किती आला? आणि मूळ रजिस्ट्री, आरएल लेटर (जागेच्या मंजुरीचं सरकारी पत्र) जुन्या कंपनीकडून किती दिवसांत मिळालं? कृपया सांगा.