शाळेतले एक्सपी आणि विंडोज ७ चे डबे : आर्डुइनोसाठी काय चालेल? सल्ला हवा

फळाखडू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. एका माजी विद्यार्थ्याच्या ऑफिसात नवे संगणक आले आणि जुने पाच आमच्याकडे आले. टेम्पोतून उतरवले तेव्हा आमच्या लिपिकभाऊंनी पाचही डब्यांना हळदकुंकू वाहिलं. आता ते चालवायचे कसे, हा प्रश्न माझा.

दोघांत विंडोज एक्सपी, रॅम १ जीबी. तिघांत विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी. पैकी एक चालूच होत नाही, तो सध्या बाजूला. त्याच विद्यार्थ्याने आर्डुइनोचे (प्रोग्रॅम घालून एलईडी, सेन्सर चालवायचे छोटे बोर्ड) सहा नॅनो (स्वस्तातले क्लोन, यूएसबीसाठी सीएच३४० चिपवाले), दोन उनो, ब्रेडबोर्ड आणि एक पुरातन प्रोग्रॅमर (चिपेत प्रोग्रॅम भरायचं यंत्र) दिलाय. प्रोग्रॅमरला २५ पिनांचा प्रिंटरसारखा कनेक्टर आहे, सोबत डबीभर ८०५१ (जुना मायक्रोकंट्रोलर) जातीच्या चिपा.

आठवी-नववीची चौदा मुलं रोज शाळा सुटल्यावर थांबायला तयार आहेत. आर्डुइनोचं नवं सॉफ्टवेअर उतरवलं, पण विंडोज ७ म्हणतं ही फाईल या विंडोजशी जुळत नाही, आणि एक्सपी तर ओळखच दाखवत नाही. नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट, तोही व्हरांड्याच्या टोकाला. बजेट शून्य.

१. कोणती आवृत्ती घालू? २. सर्किट काढायला, सिम्युलेशनला काही? ३. तो २५ पिनांचा प्रोग्रॅमर भंगारात देऊ का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ड्राय सोल्डर

सर, नव्याचा नाद सोडा. आर्डुइनोच्या दुसऱ्या पिढीच्या आयडीईला (प्रोग्रॅम लिहून बोर्डात घालायचं सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोज १० लागतं, तिथे काही खटपट चालत नाही.

विंडोज ७ वर १.८.१९ घाला. पहिल्या पिढीतली ही शेवटची आवृत्ती, २०२१ ची. इन्स्टॉलर नको, झिप घ्या. जावा आतच असतं, वेगळं काही लागत नाही. झिप सोडली की त्या फोल्डरमध्ये 'पोर्टेबल' नावाचं रिकामं फोल्डर करा, पण नाव इंग्रजी लिपीत. मग स्केच (म्हणजे प्रोग्रॅम), लायब्ररी (तयार कोड), सेटिंग सगळं त्याच्याच पोटात राहतं. एक मशीन नीट लावा आणि अख्खं फोल्डर पेनड्राइव्हने दुसऱ्यावर चिकटवा. हॉटस्पॉट एकदाच जाळायचा.

एक्सपीवर १.०.६. ही २०१४ ची. गरीब गाय आहे, १ जीबीतही छान पळते. यात लायब्ररी मॅनेजर नाही आणि हल्लीच्या बऱ्याच लायब्ररी यात बसत नाहीत, कारण लायब्ररीची मांडणीच नंतर बदलली. पण एलईडी, बझर, बटण, एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), सर्वो (ठरवलेल्या कोनात फिरणारी मोटर) यांना बाहेरची लायब्ररी लागतेच कुठे? अल्ट्रासॉनिक सेन्सरसुद्धा 'पल्सइन' या फंक्शनवर चार ओळींत होतो. मुलांनी त्या चार ओळी हाताने लिहाव्यात असं माझं मत. आवाज जाऊन परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८ केले की सेंटीमीटर येतात. हे ५८ कुठून आले ते फळ्यावर काढून दाखवा, तुमचा तास तिथेच वसूल.

आता खरी डोकेदुखी, ड्रायव्हर. सीएच३४० चा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, एकच फाईल एक्सपीपासून पुढे सगळीकडे चालते. तुमचं ७ हे ३२ बिट आहे ते बरंच झालं. सही नसलेला ड्रायव्हर आला तर लाल पाटी दाखवून विचारतं, 'तरीही घाला' म्हणायचं. ६४ बिटवाल्यांना तिथेच अडवतात. उनो ओरिजिनल असतील तर त्यांच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाईल आयडीईच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरमध्ये असते, एक्सपीला बोट धरून तिथे न्यावं लागतं.

या क्लोनांच्या चिपेत सीरियल नंबर नसतो. त्यामुळे विंडोज बोर्ड ओळखत नाही, यूएसबीचं भोक ओळखतं. एकाच भोकात सहाही नॅनो आळीपाळीने लावा, कॉम नंबर (विंडोजने दिलेला पोर्ट नंबर) तोच. भोक बदललं की नंबर बदलला. म्हणून प्रत्येक डब्याचं एकच भोक ठरवा, त्यावर चिकटपट्टी लावून 'कॉम ४' लिहा आणि बाकीची भोकं चक्क झाका. नाहीतर चौदा मुलं म्हणजे दर पाच मिनिटांनी 'सर, पोर्ट गेला'.

फायली फोनवरच उतरवा. एक्सपीच्या ब्राउझरला हल्लीच्या साइट उघडत नाहीत, वेळ घालवू नका.

पेंग्विनप्रेमी

२०१४ मध्ये ज्याचा आधार संपला ते एक्सपी शाळेत? पोरांना काय शिकवताय? पुसून टाका आणि लिनक्स घाला.

आधी प्रोसेसर बघा. विंडोज ३२ बिट आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिट असा अर्थ नाही. कोअर टू ड्युओ असेल तर ६४ बिटचं कुठलंही हलकं लिनक्स चालेल. प्रोसेसरच ३२ बिट असेल तर डेबियन १२ किंवा त्यावर उभं असलेलं एमएक्स २३, आणि १ जीबीवाल्यांना अँटीएक्स (ही सगळी लिनक्सचीच रूपं). डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय, तो शोधत बसू नका.

सीएच३४० चा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो, काही उतरवायचं नाही. फक्त युजरला 'डायलआउट' (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. हे विसरलं की पोर्ट दिसतो पण 'परमिशन डिनाइड' येतं आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात. आणि कोणी उबंटू २२.०४ टाकलं तर तिथे ब्रेल डिस्प्लेसाठीचं 'बीआरएलटीटीवाय' नावाचं पॅकेज सीएच३४० ला आपलंच यंत्र समजून गिळतं. बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर दिसून गायब. ते पॅकेज काढलं की प्रश्न मिटला. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली, केबल बदलून बदलून.

फळाखडू

दोघांचेही आभार. पेंग्विनप्रेमी, पटतंय, पण विंडोज ७ च्या एका डब्यात लिपिकभाऊंनी तीन दिवसांतच श्रीलिपी टाकून जुन्या प्रश्नपत्रिका भरल्यात. त्याला हात लावला तर माझं वेतन प्रमाणपत्र पुढच्या दिवाळीला मिळेल.

पेंग्विनप्रेमी

मग त्याला लांबूनच नमस्कार. बाकीच्यांचा विचार करा.

हेक्सकाकू

प्रोग्रॅमर भंगारात देऊ नका हो! निदान आधी चिपांची नावं वाचा. एटी८९सी५१ असेल तर तिला सर्किटमध्ये बसवून प्रोग्रॅम करता येत नाही, तिला १२ व्होल्टवाला वेगळा प्रोग्रॅमर लागतो. एटी८९एस५२ असेल तर ती आयएसपीवाली, म्हणजे सर्किटमध्येच प्रोग्रॅम होणारी, चार तारांत काम होतं. 'सी' आणि 'एस' या एका अक्षराचा फरक. भिंग घेऊन बघा, घासलेल्या चिपेवर दोन्ही सारखेच दिसतात.

मी पॉलिटेक्निकात वीस वर्षं हेच शिकवलं. २५ पिनांचा प्रोग्रॅमर प्रिंटर पोर्टाच्या एकेक पिना स्वतः वरखाली करतो. विंडोज ९८ मध्ये कुठलाही प्रोग्रॅम थेट पोर्टाच्या ३७८ पत्त्यावर लिहू शकायचा. एक्सपी आडवा येतो, म्हणून 'गिव्हआयओ' नाहीतर 'इनपआउट३२' नावाची फट लागते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पोर्टाचा पत्ता ३७८ आहे ना ते बघा. मोड 'नॉर्मल' किंवा 'ईपीपी' ठेवा, एकात नाही चाललं तर दुसऱ्यात चालतं.

यूएसबी ते प्रिंटर केबल आणू नका. ती केबल प्रिंटरशीच बोलते, पिना हलवत नाही. एका मुलाने हौसेने आणली होती, आम्ही दोघं दुपारभर चिपेला दोष देत बसलो होतो.

खरं सांगू? एस५२ असेल तर यूएसबीएएसपी नावाचा छोटा प्रोग्रॅमर घ्या, सोबत प्रोगआयएसपी हे सॉफ्टवेअर वापरा. विंडोज ७ वर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने लिबयूएसबी ड्रायव्हर चढवा. कोड लिहायला कील या कंपायलरची (कोडाचा चिपेला कळेल असा प्रोग्रॅम करणारं सॉफ्टवेअर) फुकट आवृत्ती २ केबीपर्यंतच देते. एलईडी चमकवायला शंभर बाइटही लागत नाहीत, दोन केबी म्हणजे तुम्हाला वर्षभराचा किराणा. मर्यादा नको असेल तर एसडीसीसी हा कंपायलर मोफत आहे.

एक्सपीबद्दल पेंग्विनप्रेमींशी सहमत नाही. नेटला कधीच न जोडलेला एक्सपी म्हणजे कपाटातला मल्टिमीटर, एक काम चोख करतो. भीती नेटची नाही, पेनड्राइव्हची आहे. तो शॉर्टकट व्हायरस आमच्या लॅबमध्ये ठाण मांडून बसला होता. मुलांचे पेनड्राइव्ह बंद, एकच शाळेचा, तोही तुमच्या खिशात.

ड्राय सोल्डर

काकूंना +१. प्रश्न २ राहिला. सर्किट काढायला विंडोज ७ वर कायकॅड ५.१.१२ चालतं, त्याचा ३२ बिट इन्स्टॉलरही आहे. सिम्युलेशनला एलटीस्पाइस म्हणाल तर एक्सपीवर चौथी आवृत्ती, ७ वर सतरावी. पण आठवीला स्पाइस कशाला? चौकटीच्या वहीत पेन्सिलने सर्किट काढू द्या. आणि कॉलेजच्या पोरांकडून 'ते' क्रॅकवालं सिम्युलेटर घेऊ नका, सोबत काय काय येतं ते काकूंनी सांगितलंच आहे.

फळाखडू

आठ दिवसांनी धागा वर काढतोय.

एक्सपीचे दोन्ही डबे १.०.६ वर सुरू! पहिला एलईडी लुकलुकला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. ७ चा मोकळा डबा मात्र अडलाय. 'व्हेरिफाय' दाबलं की फाईल सापडत नाही म्हणतो, आणि पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं. तेच स्केच एक्सपीवर चालतं.

दुसरं, सहापैकी दोन नॅनो अपलोड घेत नाहीत, 'नॉट इन सिंक' येतं. आणि एकाचा तर दिवा लागतो पण पोर्टच दिसत नाही.

ड्राय सोल्डर

प्रश्नचिन्हं? फोल्डरचं नाव मराठीत आहे का?

फळाखडू

हो, 'नववी अ'. आणि युजरचं नाव 'शिक्षक', तेही देवनागरीत. मीच कौतुकाने ठेवलं होतं.

ड्राय सोल्डर

सापडलं. आयडीई जावात आहे, तिला मराठी कळतं. पण आतला कंपायलर जुन्या पद्धतीने फाईलची नावं वाचतो, विंडोजच्या कोडपेजमधून (एकेका लिपीचा जुना अक्षरतक्ता). रशियन, ग्रीक, अरबी सगळ्यांना विंडोजने जुनी कोडपेजं दिली, देवनागरीला दिलीच नाही, ती थेट युनिकोडमध्येच (सगळ्या लिपींचा एकच नवा तक्ता) आली. त्यामुळे असल्या प्रोग्रॅमच्या हाती 'नववी' पोचते तेव्हा तिची चार प्रश्नचिन्हं झालेली असतात, आणि त्या नावाचं फोल्डर डिस्कवर नसतंच.

फोल्डरचं नाव बदलून भागणार नाही. कंपायल करताना तात्पुरत्या फायली युजरच्या फोल्डरात जातात आणि तेही 'शिक्षक'. युजरचं नाव नुसतं बदललंत तरी डिस्कवरचं फोल्डर जुनंच राहतं. इंग्रजी लिपीत नाव देऊन नवा युजर करा, आयडीई सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. प्रोग्रॅममधल्या कॉमेंट मात्र खुशाल मराठीत लिहा, त्यांना काही होत नाही.

'नॉट इन सिंक'वाल्या दोन नॅनो नंतर घेतलेल्या असणार. २०१८ पासून नॅनोचा बूटलोडर (बोर्डात आधीच असलेला, अपलोड घेणारा छोटा प्रोग्रॅम) बदलला. जुना ५७६०० वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. १.०.६ ला जुनाच माहीत आहे. तिथे बोर्ड 'उनो' निवडा, चालेल, कारण उनो त्याच वेगाने बोलतो. १.८.१९ मध्ये उलटं, प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' वेगळा आहे, जुन्या चारांना तो लावा. बोर्डाच्या पाठीवर मार्करने 'जु' आणि 'न' लिहून टाका.

दिवा लागतो पण पोर्ट नाही : केबल. फोन चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घालतच नाहीत.

फळाखडू

नवा युजर केला, चाललं. 'उनो' निवडलं, दोन्ही नॅनो चालल्या. केबल माझ्याच चार्जरची होती, मुलांसमोर कबूल करावं लागलं. काकू, चिपा एस५२ निघाल्या, अकरा आहेत.

पेंग्विनप्रेमींची आठवण म्हणून एका एक्सपीवर अँटीएक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, नववीतल्या एका मुलीला तेच आवडलंय. तो डबा तिच्या ताब्यात देतोय.

बाजूला ठेवलेला पाचवा आज उघडला. पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो. प्रोसेसरच्या शेजारी तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेत, एकातून तपकिरी चिकट काहीतरी आलंय.

हेक्सकाकू

अकरा! जपून ठेवा त्या.

ड्राय सोल्डर

कपॅसिटरवर व्होल्ट आणि मायक्रोफॅरड काय छापलंय त्याचा फोटो टाका. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी अजिबात नको, आणि दुकानात 'लो ईएसआर' (आतला रोध कमी असलेला) म्हणून मागा. साधा दिला तर महिनाभरात परत फुगेल. वजा बाजूचा पट्टा कुठल्या दिशेला आहे ते काढण्याआधी कागदावर लिहून ठेवा. शनिवारी मी पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणारच आहे, तीनच लागतात ना? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुरिअरने पाठवतो.