परदेशी कीबोर्ड: शिकून घ्यायचा की सरळ बदलायचा?

खटखट: फ्रान्समध्ये हॉटेलच्या कॉम्प्युटरवर बसलात की समोर अझर्टी, म्हणजे फ्रेंच लेआउट (कळांवरच्या अक्षरांची मांडणी) येतो. माझं मत: त्याच्या नादी लागू नका, अमेरिकन लेआउट लावा आणि मोकळे व्हा. मेनू फ्रेंच असला तरी विंडोज आणि आय दाबलं की सेटिंग्ज उघडतात. भाषांच्या पानावर कीबोर्ड जोडा, मग विंडोज आणि स्पेसबारने अदलाबदल. बोटांना सवय असली की कळांवर काय छापलंय याच्याशी देणंघेणं नाही.

रानवारा: ‘सवय असली की’ इथेच तर गोम आहे. आपल्यातले कितीतरी जण बघून टाइप करतात. छापलंय एक, उमटतंय भलतंच, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय सार्वजनिक मशीनवर सेटिंग्ज बरेचदा बंद केलेल्या असतात. त्यापेक्षा एवढं पाठ करा: ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू यांची अदलाबदल, एम हा एलच्या उजवीकडे, आकड्यांना शिफ्ट, पूर्णविरामालाही शिफ्ट. अ‍ॅटचं चिन्ह (@) ऑल्ट-जीआर (स्पेसबारच्या उजवीकडची कळ) आणि शून्याच्या कळीवर.

खटखट: हे पाठांतर फ्रान्सपुरतंच. जर्मनीत वाय-झेड उलटे, अ‍ॅट ऑल्ट-जीआर आणि क्यूवर. स्पेनमध्ये तेच 2 वर. दर देशाला नवी उजळणी कोण करणार?

तिरकी_रेघ: अमेरिकन लेआउट म्हणजे रामबाण नव्हे हो. युरोपातल्या कीबोर्डवर डावं शिफ्ट आखूड असतं आणि त्याला लागून एक जादा कळ असते. करंगळी सवयीने तिच्यावर पडते, कॅपिटल अक्षराऐवजी बॅकस्लॅश आणि स्मॉल अक्षर उमटतं. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके, त्यामुळे पत्ताच लागत नाही. डोळ्याचं चिन्ह असेल तर आधी ते दाबा.

जर्मन मॅकवर तर वेगळीच गंमत. तिथे अ‍ॅट ऑल्ट आणि एलवर आहे. विंडोजच्या सवयीने स्पेसबारच्या उजवीकडची कळ आणि क्यू दाबलं की ते कमांड-क्यू होतं आणि अख्खा ब्राउझर बंद. अर्धा भरलेला फॉर्म गेला.

रानवारा: तुर्कस्तानात न बदलणाऱ्यांचीही पंचाईत होते, हे मान्य. नेहमीच्या आयच्या जागी बिनटिंबाचा आय असतो, टिंबवाला एलनंतर दुसरी कळ. ईमेलचा पत्ता वरवर बरोबर दिसतो, लॉगिन मात्र होत नाही.

जोडाक्षर: मराठी इन्स्क्रिप्टवाल्यांना (म्हणजे थेट देवनागरी कळांचा लेआउट वापरणाऱ्यांना) मराठी लिहिताना अक्षरांची ही अदलाबदल भोवत नाही. तो लेआउट कळीच्या जागेवर चालतो, त्यामुळे अझर्टीवरही ‘क’ जिथल्या तिथे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र ए-क्यूचा घोळ निस्तरावा लागतो.

आणि बघून टाइप करणाऱ्यांनीही लेआउट खुशाल बदलावा, फक्त विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा. त्यावर चालू लेआउटचीच अक्षरं दिसतात, माउसने टिचकी मारायची. वेळ लागतो, पण पासवर्डपुरतं चालतं.

रानवारा: चालेल. पण उठताना मूळ लेआउट परत लावा, नाहीतर पुढच्या फ्रेंच माणसाने ए दाबला की क्यू उमटायचा.