द्राक्षबागेचा एनडीव्हीआय (पानांच्या हिरवेपणाचा आकडा) अचानक उतरला, फवारणी घेऊ का? मदत हवी आहे

अथणी_द्राक्षे
मॅव्हिक ३ मल्टिस्पेक्ट्रल ड्रोनने बागेचा नकाशा काढलाय. डिसेंबरच्या सुरुवातीला सरासरी एनडीव्हीआय ०.७४ होता, काल ०.५८ आला. पानं हिरवीगार, डाऊनी (केवडा रोग) कुठे दिसत नाही, पण नकाशात अख्खी बाग लाल-पिवळी. उद्या टँक भरायचाय, लवकर सांगा.

चिकोडीकर
उड्डाण किती वाजता केलं? उजेड जुळवायच्या कॅलिब्रेशन पॅनेलचा फोटो घेतला का? बाग मंडपावर (आडव्या छतावर) की वायवर (Y आकाराच्या आधारावर)? छाटणी कधी? हे कळल्याशिवाय त्या ०.५८ वरून काहीच सांगता येत नाही.

निपाणी_शिवार
ड्रोनचा खर्च कशाला? सेंटिनेल-२ उपग्रह फुकट आहे, दर पाच दिवसांनी फोटो. दोन उड्डाणांवर फवारणी ठरवू नका, अख्ख्या हंगामाचा आलेख बघा.

चिकोडीकर
त्याचा पिक्सेल १० मीटरचा, रेड-एज बँडचा (लाल आणि अवरक्तच्या मधला) तर २० मीटरचा. ९ फुटी ओळी असतील तर एका पिक्सेलमध्ये साडेतीन ओळी आणि मधली जमीन. उसाला चालेल, वायच्या बागेला नाही.

निपाणी_शिवार
मंडपावर छत भरलं की जमीन दिसत नाही, तिथे चांगलं चालतं.

अथणी_द्राक्षे
वाय आहे, ९ बाय ५, थॉमसन, छाटणी ऑक्टोबरच्या मध्यात. पहिलं उड्डाण साडेबाराला, कालचं साडेचारला, उंची ६० मीटर. पॅनेल नाही, ड्रोनवर सनलाइट सेन्सर आहे की! फवारणीचं सांगा आधी.

बेळगाव_हवाई
विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन (परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो तो भाग) असतो. ६० मीटर म्हणजे १९७ फूट, जेमतेम आत. उड्डाणाआधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघत जा.

चिकोडीकर
अथणी सांबऱ्याच्या (बेळगाव) विमानतळापासून शंभर किमीच्या पलीकडे आहे हो.
डिसेंबरात साडेचारला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो. उत्तर-दक्षिण ओळींची पूर्वेकडची बाजू तेव्हा सावलीत जाते. सेन्सर ड्रोनवर पडणारा उजेड मोजतो, ओळीची सावली त्याला कळत नाही. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, त्यामुळे अकरा ते दोनमध्येच उडवा. पॅनेल सपाट ठेवून, आपली सावली न पाडता, उड्डाणाआधी आणि नंतर फोटो घ्या.

शेडबाळ_बाग
नुसत्या सावलीनं एवढं उतरणार नाही. मधल्या काळात आंतरमशागत केली का? आणि सरासरी कशाची काढलीत?

अथणी_द्राक्षे
गेल्या आठवड्यात रोटाव्हेटर मारला. सरासरी बांधापासून बांधापर्यंत अख्ख्या प्लॉटची.

शेडबाळ_बाग
मग उत्तर तिथंच आहे. वेलींचा पसारा ६० टक्के आणि त्याचा एनडीव्हीआय ०.८० धरा. उरलेल्या ४० टक्क्यांत तण होतं तेव्हा ०.६५ धरलं तर सरासरी ०.७४ येते. तण गेलं, माती उघडी पडली, तिचे ०.२० धरले तर ०.५६. वेल आहे तशीच आहे.

नकाशातून माती गाळताना एनडीव्हीआयची मर्यादा लावू नका, तणही हिरवंच असतं. उंचीवर गाळा. मेटाशेप सॉफ्टवेअरमध्ये डीएसएम (वेलींसकट उंची) आणि डीटीएम (नुसत्या जमिनीची उंची) काढा, नकाशाच्या क्यूजीआयएस सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये वजाबाकी करून १ मीटरच्या वरचेच पिक्सेल ठेवा. कडेला माती मिसळते म्हणून मास्क (ठेवलेल्या पिक्सेलचा साचा) १० सेंमी आत ओढा आणि मग ओळीनिहाय झोनल स्टॅटिस्टिक्स (प्रत्येक ओळीची सरासरी) चालवा. ६० मीटरवरून पिक्सेल पावणेतीन सेंमीचा येतो, पुरेसा आहे. शेजारच्या पट्ट्यांतल्या फोटोंचा साइड ओव्हरलॅप मात्र ८० टक्के हवा, नाहीतर डीएसएममध्ये ओळी फुटतात. दाट पानांत एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो, तिथे ८६० आणि ७३० नॅनोमीटरच्या बँडवरून एनडीआरई (लालऐवजी रेड-एज वापरून तसाच आकडा) काढा.

डाऊनीचं निदान या ड्रोनच्या चार बँडमधून होत नाही. फवारणी पाऊस, दव आणि पानं किती तास ओली राहतात यावर ठरवा. पान उलटून खालची बाजू बघा.

निपाणी_शिवार
म्हणूनच आलेख म्हणतोय मी. रोटाव्हेटरची तारीख त्यात सरळ दिसली असती.

अथणी_द्राक्षे
मास्क लावला. आधी ०.७९, आता ०.७८. टँक थांबवलाय. पण खालच्या अंगाच्या चार ओळी ०.६६ वर आहेत. तिथे काय?

शेडबाळ_बाग
ओळीच्या टोकाकडे उतरत जातंय का? तसं असेल तर ड्रिप बघा. शेवटच्या ड्रीपरखाली एक मिनिट भांडं धरा. ताशी ४ लिटरचा असेल तर ६७ मिलीच्या आसपास भरायला हवं. कमी भरलं तर लॅटरलचं (ड्रिपच्या नळीचं) टोक उघडून फ्लश करा आणि पुन्हा मोजा. ठिपक्याठिपक्यांनी उतरलं असेल तर मुळ्या उकरून सूत्रकृमीच्या गाठी बघा. त्या चार ओळींचा एनडीआरईचा नकाशा इथे टाका.