आजोबांचा थिओडोलाइट: पॉलिश करू का?

जुनी_पेटी: नमस्कार. आजोबा सर्व्हेअर होते. त्यांची लाकडी पेटी आता माझ्याकडे आली आहे, आत पितळी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. चकतीवर वळणदार अक्षरांत ‘ट्रॉटन अँड सिम्स, लंडन’ कोरलंय. साल नाही, नंबर नाही. कडेला बारीक रेघांची पांढरट पट्टी आहे, ती जागोजागी काळवंडली आहे. पॉलिश लावून घासलं तर चालेल का? आणि हे साधारण कधीचं असेल?

रेघ_अंश: घासू नका. आधी एवढं ऐका, मग बाकीचं.

ती पट्टी बहुधा चांदीची आहे. पितळेत खाच पाडून चांदी बसवायची आणि तिच्यावर अंश पाडायचे, कारण चांदीवर रेघ स्वच्छ उमटते. भिंगाखाली धरून बघा. पॉलिशमधली खरखरीत पूड या रेघांच्या कडा खाते. मी हे करून बसलोय. वीस वर्षांपूर्वी एका यंत्राची पट्टी मी लखलखीत केली आणि चाळीस अंशांपुढचे आकडे वाचता येईनात. आजही ते यंत्र हातात घेतलं की वाईट वाटतं.

कोरलेल्या नावापेक्षा या रेघाच कारागिराची खरी सही. लंडनचे यंत्रकार जेसी रॅम्सडेन यांनी १७७०च्या दशकात वर्तुळ विभागायचं यंत्र केलं: ४५ इंची चाकाला २१६० दाते, स्क्रूचे सहा फेरे झाले की एक अंश. एडवर्ड ट्रॉटन यांनी विभागणीची स्वतःची पद्धत मांडली आणि १८०९ साली त्यांना रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. या माणसाला लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येत नसे, पण रेघेच्या बाबतीत त्याची नजर काय होती ते तुमच्या समोरच आहे.

आता साल. ट्रॉटन यांनी विल्यम सिम्स यांना १८२६ साली भागीदार करून घेतलं, त्यामुळे त्याआधीचं नाही. १९२२ पासून नाव ‘कुक, ट्रॉटन अँड सिम्स’ झालं, म्हणजे त्यानंतरचंही नाही. दुर्बीण कशी बसवली आहे ते सांगा.

जुनी_पेटी: वायच्या आकाराच्या दोन खोबणींत बसते, वरून पट्टे. पट्टे सोडले की उचलून उलटी ठेवता येते. खाली अर्धवर्तुळ आहे. मुख्य पट्टीवर एका अंशात तीन घरं, शेजारच्या बारीक मोजपट्टीवर (व्हर्निअरवर) साठ.

रेघ_अंश: मग हा जुन्या घाटाचा वाय-थिओडोलाइट. दुर्बीण आसावर पूर्ण फिरणारा ट्रान्झिट प्रकार पुढे जास्त चालला, पण बराच काळ दोन्ही बनत होते, म्हणून एवढ्यावरून साल ठरवू नका. एक घर २० मिनिटांचं, त्याचे साठ भाग, म्हणजे तुमच्या आजोबांचं यंत्र २० सेकंदांपर्यंत कोन वाचतं. हे मोजणीच्या कामासाठी उत्तमच.

लाखेचा_थर: पितळेचंही सांगतो. वरचा सोनेरी थर लाखेचा असतो. स्पिरिट लावलंत तर तो विरघळेल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस. दुर्बिणीच्या डोळ्याकडचा भाग उघडलात तर आत फुंकर मारू नका. तिथली नेम धरायची फुली बऱ्याचदा कोळ्याच्या धाग्याची असते, श्वासानेही तुटते.