बिल्डरच्या ब्रोशरवर व्हिडिओ केला, कॉपीराइट स्ट्राइक आला. आता खरं नाव द्यायचं का?

पाथर्डी_फाटा_वासी
मंडळी, जरा अर्जंट आहे. नाव न देता एक यूट्यूब चॅनल चालवतो, नाशिकमधल्या नव्या स्कीमची जाहिरात आणि प्रत्यक्ष साइट शेजारी शेजारी दाखवतो, बाकी काही नाही. एका बिल्डरच्या ब्रोशरमधलं गार्डन आणि वॉकथ्रूचे (कॉम्प्युटरवर बनवलेल्या जाहिरात-व्हिडिओचे) काही सेकंद घेतले, बाजूला आजची साइट, जिथे गार्डनच्या जागी विजेची डीपी आणि टँकर उभा आहे. माहिती खोटी आहे असं ते कुठेच म्हणाले नाहीत, आमची चित्रं वापरली अशी यूट्यूबकडे तक्रार करून थेट कॉपीराइट स्ट्राइक टाकला आणि व्हिडिओ गायब. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे स्ट्राइक चुकीचा आहे असं सांगायचा फॉर्म, भरायला गेलो तर खरं नाव, पत्ता, फोन, आणि हे सगळं तक्रार करणाऱ्याकडे जातं म्हणे. अहो मी त्याच बिल्डरच्या जुन्या स्कीममध्ये राहतो, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) अजून त्याच्याकडे अडकलंय! मला तर वाटतंय चित्रांचं त्याला काही पडलेलं नाही, माणूस कोण ते हवंय.

सीबीएस_वकील
फॉर्म घाईत भरू नका. ती पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यातली आहे, सही केली की तिथल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्रही मान्य केलं असं होतं. वकिलामार्फत भरायची सोय आहे, ती वापरा. पुढे समोरच्यानं कामकाजाच्या १० दिवसांत केस केल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत ३६ तासांत मजकूर बंद, २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर नाही आली तर प्लॅटफॉर्म परत चालू करू शकतो, त्यात अपलोड करणाऱ्यानं काही भरून द्यायचंच नाहीये. पण कंपन्या स्वतःचाच फॉर्म पुढे करतात, काय बोलणार. बाकी टीकेसाठी थोडा भाग वापरणं आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं, तुम्ही तर ब्रोशरवरच टीका करताय. आणि पोकळ धमकीविरुद्ध कलम ६० खाली उलटा दावा लावता येतो, मात्र तिथे फिर्यादी म्हणून नाव आलंच.

गोदाकाठ_क्लिक्स
माझं मत कडू लागेल. सोमेश्वर धबधब्याचे, रामकुंडाच्या आरतीचे माझे फोटो वॉटरमार्क कापून बिननावाची पेजेस बिनधास्त टाकतात, मेसेज केला की ब्लॉक. तेव्हा मी कोणावर केस करू, हवेवर? २०२२ ला दिल्ली हायकोर्टानं टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, एका कोचिंगवाल्या मॅडमचं मटेरियल फुकट वाटत होते ते, मला तर ते बरोबरच वाटलं. निनावी आहे म्हणून चोरी माफ असं कसं चालेल?

पंचवटी_रात्रपाळी
@गोदाकाठ_क्लिक्स दादा, तुमचा अख्खा फोटो उचलतात, इथे टीका करायला तुकडा घेतलाय, दोन्हीला एकच माप कसं लावता? त्याच २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात उलटं झालं. एका निनावी ट्विटर अकाउंटनं एका अब्जाधीशाची खिल्ली उडवताना काही फोटो टाकले, फोटोंचा कॉपीराइट पुढे करून नाव मागितलं गेलं, जजनं नकार दिला. दिल्लीत कोर्टानं आधी प्रकरण ऐकलं मग नाव मागितलं, तिथे ऐकलं आणि नाही म्हटलं. मला खटकतं ते हे की यूट्यूबच्या फॉर्मवर कोणी जज बसलेलाच नाही, तक्रार खरी का खोटी हे कळायच्या आधी नाव गेलं.

गोदाकाठ_क्लिक्स
हे मान्य. पण कोर्टात जायचा खर्च माझ्यासारख्याला परवडत नाही हेही लिहा ना भाऊ.

सिडको_काका
एवढी भानगड कशाला? ब्रोशर सोडा, महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टची माहिती सगळ्यांना बघता येते. ती आणि स्वतः काढलेले फोटो घेऊन नवा व्हिडिओ टाका. जाहिरातीत खोटं दाखवलं तर रेरा कायद्याचं कलम १२ आहेच, ज्यांनी बुकिंग केलंय त्यांना सांगा. स्ट्राइक ९० दिवसांनी जातो.

पाथर्डी_फाटा_वासी
काका, स्ट्राइक जातो, व्हिडिओ परत येत नाही, आणि तोवर फेज टूचं बुकिंग उरकेल. महारेराचं आजच बघतो. पण ब्रोशरमध्ये काय दाखवलं होतं ते न दाखवता खोटं कसं सिद्ध करू? वकील साहेब, सोमवारी कोर्टाकडे येतो, किती वाजता भेटाल?